अधिकातली पणती

मास्तरांनी साबण करणं थांबवलं, तो दिवस सोनईतल्या एका लग्नाचा होता. नवरदेवाचे गाल भाजले. साबण मास्तरांचा होता. पणती मी दिली होती.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल काही लिहावं असं रोज मनात येतं आणि रोज पहिलं वाक्य हेच येतं. म्हणून तेच आधी लिहून टाकलं.

हायस्कूलमधले आम्ही शिक्षक त्यांना सर म्हणत असू. कोल्हार गाव त्यांना मास्तर म्हणायचं. त्यांच्यामागे मीही गावाचाच शब्द वापरू लागलो. एकाहत्तरच्या जूनमध्ये मी तिथे नोकरीला लागलो आणि त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. जेवण त्यांच्याकडेच. ते शास्त्र शिकवत, मी मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या हनुवटीखालचं पुरळ जवळ येऊन पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

मी गोंधळून म्हणालो, पुण्याचं. काल सकाळी दाढी तिथेच केली होती.

"मग पाण्याचा दोष नाही," ते म्हणाले, "साबणाचा आहे." आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने एक पणती आणून त्यांनी माझ्या ट्रंकेवर ठेवली. दिवाळीत लावतात तशी, पण तळहाताएवढी मोठी. तिच्यात पिवळसर लोण्यासारखं काहीतरी घट्ट बसलेलं होतं.

मास्तरांची कातडी नाजूक आणि दाढी राठ होती. बाजारातला कुठलाही साबण लावला की त्यांच्या गालांवर चट्टे उठत. दुसऱ्या कुणी दाढी वाढवली असती. मास्तरांनी साबण करायला घेतला. परसात बाभळीखाली एक फुटक्या बुडाचं मडकं तिवईवर ठेवलेलं असे. तळाशी गवत, वर तुरकाठ्यांची राख. वरून पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब गळणारं राखेचं पाणी धरायचं. त्यात चुना कालवून, निवळू देऊन, ते पाणी किती तिखट झालं हे बघायला मास्तर त्यात एक बटाटा सोडत. बटाटा चार आण्याच्या नाण्याएवढा वर तरंगला की खार जमला. पुस्तकात यासाठी अंडं सांगितलं होतं. घरात अंडं आणायची सोय नव्हती, म्हणून बटाटा. तो बटाटा नंतर टाकून द्यावा लागतो याबद्दल काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर महिन्याला एकदा बोलत.

काकूंची खरी तक्रार तेलाची होती. खोबरेल आणि एरंडेल यांचा मोठा वाटा कढईत जायचा. "आमच्याकडे डोक्याला तेल नाही, दाढीला आहे," असं त्या आल्यागेल्याला सांगत. मास्तर मान डोलवत, जणू ही त्यांची स्तुतीच चालली आहे.

दर महिन्याच्या शुद्ध सप्तमीला घाणा निघे. सप्तमीच का, हे मी एकदा विचारलं. "कुठला तरी एक दिवस धरावा लागतो," ते म्हणाले, "आणि सप्तमीला कुणाचा उपास नसतो." कढईतलं मिश्रण ते लाकडी दांड्याने तासन् तास घोटत. मग पणत्या भरत, तोंडाला कागद बांधत, त्यावर महिना आणि तिथी लिहीत आणि माजघरातल्या फळीवर ओळीने मांडून ठेवत. खार तेलात पुरता मुरायला दीड महिना लागतो. त्याआधी तो साबण कातडी सोलून काढतो. दीड महिना झाल्यावरही मास्तर कागदावर विश्वास ठेवत नसत. पणती उघडून बोटाने कणभर साबण जिभेच्या टोकाला लावत. जिभेला झटका बसला तर पणती पुन्हा फळीवर. नाही बसला तर चूळ भरून म्हणत, "झाली." शास्त्राच्या तासालाही ते मुलांना हेच सांगत: "आधी आपली जीभ, मग दुसऱ्याचा गाल." मुलं त्यांची नक्कल करत. एकदा हेडमास्तरांच्या सभेत मास्तरांनी हेडमास्तरांच्या गालाकडे बराच वेळ बघून विचारलं होतं, वस्तरा कालचा का. त्यावरून पुढे आठवडाभर शाळेत हसणं चाललं.

दाढीनंतर लावायचं पाणीही ते करत. तुरटी, कडुलिंबाचा काढा, परसातल्या गावठी गुलाबाचं पाणी, वाळा. औषधाच्या जुन्या बाटल्यांत ते भरलेलं असे आणि बाटल्यांवर डोसाच्या खुणांच्या पट्ट्या तशाच चिकटलेल्या असत. या पाण्याला ते दाढीची उत्तरपूजा म्हणत. दोन बोटं बुडवून ते गालाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि तेवढा एक क्षण त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. आरशात मात्र ते बघत नसत. घरात आरसा एकच, तो काकूंचा. आपला चेहरा कुठे आहे हे हाताला माहीत असतं, असं ते म्हणत.

गावात दाढी करणारे रखमाजी. वय मास्तरांएवढंच, चाळिशीच्या थोडं पुढे. दाढी घरीच करणाऱ्या, वर साबणही घरीच करणाऱ्या मास्तरांशी त्यांचं जमायचं काही कारण नव्हतं. पण मास्तरांनी एक दिवस त्यांच्या धोकटीशेजारी एक पणती नेऊन ठेवली आणि म्हणाले, विहिरीच्या पाण्यात फेस येतो का बघ. कोल्हारच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड, नेहमीचा साबण त्यात फाटतो. हा फाटला नाही. तेव्हापासून दर पंधरवड्याला रखमाजी पणती न्यायला येत आणि ओसरीवर बसून चहा घेत. त्यांची ती तक्रार मला अजून ऐकू येते.

"मास्तर, तुमी साबन केला. उद्या वस्तराबी कराल. मग मी काय शाळंत यून शिकवू व्हय?"

"शिकव की," मास्तर म्हणत. "माझ्यापेक्षा तुझ्यासमोर पोरं गप बसतात."

बहात्तर साली वैशाख अधिक आला. म्हणजे वैशाख दोनदा. आधी अधिक, मग निज. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत, पण साबणाला काय त्याचं. मास्तरांनी दोन्ही सप्तम्यांना घाणा काढला. पणत्यांवरच्या चिठ्ठ्या त्या उन्हाळ्यात मी लिहीत होतो. शाळेला सुट्टी होती, मी गावी गेलो नव्हतो, बी.एड.ची पुस्तकं घेऊन बसलो होतो. निदान तसं सांगत होतो. खरं तर कादंबऱ्या वाचत होतो. मास्तरांनी सांगितलं होतं की अधिकातल्या पणत्यांच्या कागदावर गेरूचा ठिपका दे, म्हणजे पुढच्या महिन्यात घोटाळा नको. मी चिठ्ठ्या लिहिल्या. ठिपके नंतर देऊ म्हणून पुस्तक उघडलं. ते राहिले ते राहिलेच. महिन्याने निजातल्या पणत्या शेजारी आल्या, त्यांच्यावरही मीच लिहिलं, वैशाख शुद्ध सप्तमी. तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं. पण ओळी वेगळ्या होत्या, त्यामुळे अडलं नाही. मग एक दिवस काकूंनी फळी पुसायला सगळ्या पणत्या खाली काढल्या आणि परत ठेवताना त्या मिसळल्या. हेही मी पाहिलं. ठिपक्याची गोष्ट तेव्हा बोलायला हवी होती. बोलायचं म्हणजे आपण महिन्यापूर्वी काय केलं नाही ते सांगायचं. मी बोललो नाही.

निज वैशाखाच्या वद्य पक्षात मळ्यातल्या एका घरचं लग्न निघालं. मुलगी सोनईची, लग्न तिकडेच. नवरदेव मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तरांनी त्याला पणती कबूल केली होती. लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांना नगरला बहिणीकडे जावं लागलं. तिथून ते परस्पर सोनईला येणार होते. निघताना मला म्हणाले, "रखमाजी येईल. अधिकातली दे. जिभेला लावून दे."

रखमाजी आदल्या दिवशी दुपारी आले. मी फळीपाशी गेलो. दहा-अकरा पणत्या, सगळ्यांवर एकच तिथी, सगळं माझंच अक्षर. रखमाजी दारातून बघत होते. एक उघडली. बोट साबणापर्यंत नेलं आणि थांबलो. साबण जिभेला लावायची मला शिसारी होती. मास्तर लावत तेव्हाही मी दुसरीकडे बघत असे. त्यात रखमाजी समोर उभे, आणि मी शिकलेला माणूस. मी त्यातल्या त्यात स्वच्छ, पांढरी दिसणारी पणती निवडली आणि त्यांच्या हातात दिली. ताजा साबण जास्त पांढरा असतो, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर मास्तरांनी केव्हाही सांगितलं असतं.

रखमाजींनी विचारलं, "बघितली ना?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाची दाढी झाली. लग्नाचा दिवस म्हणून रखमाजींनी फेस दोनदा लावला, वस्तरा दोनदा फिरवला. पोरगा चुळबुळ करत होता, पण आजूबाजूला चुलतभाऊ चेष्टा करत होते, त्यामुळे गप बसला. वऱ्हाड ट्रकमधून निघालं. उन्हात, धुळीत, सोनई येईपर्यंत त्याचे दोन्ही गाल लाल होऊन सुजले आणि हनुवटीवर पाणी भरलेले फोड आले. त्यावर हळद लागली तेव्हा तो ओरडला. मांडवातल्या सगळ्यांनी वळून बघितलं.

मी ट्रकमधून उतरल्यापासून एका बाजूला उभा होतो. मला कळलं होतं.

नवरीचे मामा पुढे आले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "पोराच्या अंगात काय हाय ते आदी सांगा. असं तोंड आमी बघितलेलं हाय. पोरगी आंदळेपनानं द्यायची न्हाई आमाला."

ज्या रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, त्याचं नाव मांडवात लगेच फिरलं. बायकांनी मुलीला आत नेलं. नवरदेवाच्या वडिलांनी रखमाजींना दंडाला धरून मधोमध आणलं आणि विचारलं, काय केलंस. रखमाजींनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. रखमाजी एवढंच म्हणाले की वस्तरा त्यांचा होता आणि साबण मास्तरांचा. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते का घेतलं नाही, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नाही.

त्याच वेळी मास्तर एस.टी. स्टँडवरून चालत आले. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी. काय झालं ते त्यांना दोघातिघांनी एकदम सांगितलं. त्यांनी पणती मागितली. रखमाजींच्या धोकटीत ती होती. मास्तरांनी बोट लावलं, जिभेला लावलं. रखमाजींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे बघत, तेवढाच वेळ.

मग त्यांनी तांब्याभर पाणी आणि ब्रश मागितला. छत्री खांबाला टेकवली, एका पाटावर बसले आणि भर मांडवात स्वतःच्या तोंडाला तो साबण फासायला लागले. दाट फेस केला. ब्रश खाली ठेवला. आणि तसेच बसून राहिले.

मुहूर्त जवळ आला आणि टळला. वाजंत्रीवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते. लहान मुलं पुढे येऊन मास्तरांच्या पांढऱ्या तोंडाकडे बघत होती. पाव तास तरी गेला असेल. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यांनी हात उचलला नाही. शेवटी पंच्याने तोंड पुसलं आणि मामांपुढे जाऊन उभे राहिले. गाल नवरदेवाच्या गालांसारखेच झाले होते, वर नाजूक कातडीमुळे एकदोन ठिकाणी रक्त आलं होतं.

"हा रोग असेल तर आता मलाही आहे," ते म्हणाले. "साबण कच्चा होता. साबण माझा, चूक माझी. मुलात काही नाही. रखमाजीच्या हातात काही नाही."

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग नवरीची आई आतूनच म्हणाली, "दादा, टाका आता अक्षदा. त्या मास्तराला तूप द्या कुनीतरी." भटजींनी पुढची वेळ काढून दिली. लग्न लागलं.

मी त्या मांडवात पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो. जेवलोही.

परत आल्यावर काकूंनी काशाच्या ताटात तूप शंभरदा धुतलं आणि दोन वाट्या भरल्या, एक घरात, एक नवरदेवाकडे पाठवायला. त्याच्या जखमा पंधरा दिवसांत भरल्या, डाग राहिला नाही. मास्तरांनी फळीवरच्या सगळ्या पणत्या, कच्च्या आणि मुरलेल्या, परसात खड्डा करून पुरल्या. मडकं उतरवलं. मला ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जेवायला हाक तशीच मारत, वाढलेलं तसंच विचारत.

आठ-दहा दिवसांनी मला राहवेना. ओसरीवर ते एकटे होते. मी ठिपक्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच हात वर केला.

"मला सांगून काय करतोस? मला माहीत आहे. गावाला माहीत नाही." मग म्हणाले, "चावडीवर सांगणार असशील तर मी बरोबर येतो. रखमाजीची चार घरं सुटली आहेत."

मी म्हणालो, उद्या जाऊ.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी अंगरखा घातला आणि ओसरीवर बसून राहिले. मी खोलीत पुस्तक उघडून बसलो. दहा वाजता त्यांनी अंगरखा काढून खुंटीला लावला. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

रखमाजींची घरं सुटली होती हे खरं होतं. मळ्यातल्या लोकांनी दुसरा न्हावी बोलावला, सुगीचं धान्य त्याला गेलं. लग्नात तोंड भाजलं हे बाहेरगावीही पसरलं होतं, आणि तोंड भाजणारा हात रखमाजींचा होता. मास्तरांनी तेव्हा एक गोष्ट सुरू केली. वीस वर्षं दाढी स्वतः करणारा हा माणूस रोज सकाळी नगर-मनमाड रस्त्यावर, एस.टी. थांबते तिथे, रखमाजींसमोर जाऊन बसायला लागला. गाडीची वाट बघणाऱ्या सगळ्या लोकांदेखत. रखमाजींकडे आता बाजारातला साबण होता. तो मास्तरांना सोसत नव्हताच. आठवड्याभरात जुने चट्टे उठले. काकू म्हणाल्या, निदान ते गुलाबाचं पाणी तरी करून घ्या. ते नको म्हणाले. चट्टे घेऊन वर्गात उभे राहत, आणि पोरांनी आता त्यांची नक्कल करणं सोडलं होतं.

पुढे पाऊस आला नाही. प्रवरेत खडक दिसायला लागले, गावातली माणसं खडी फोडायला गेली. दाढीसाठी पाणी मागायची लाज वाटावी असे दिवस होते. त्या दिवसांतही मास्तर अर्धा तांब्या पाणी घरून घेऊन स्टँडवर जात. हळूहळू लोक पुन्हा रखमाजींकडे बसायला लागले. सगळे नाही. मळ्यातली घरं आली नाहीत.

मी पुढच्या जूनमध्ये दुसरी नोकरी धरून सुप्याकडे गेलो. निघताना मास्तर स्टँडवर आले होते. माझी ट्रंक टपावर चढवायला त्यांनी हात लावला. पत्रं लिहीत असू, दिवाळीला आणि बदली-बढतीला. त्यांच्या पत्रात पाऊस, विहीर, काकूंचे गुडघे. प्रत्येक पत्राला उत्तर लिहिताना मी एक परिच्छेद मनात तयार करायचो आणि पोस्टकार्डावर जागा नाही असं स्वतःला सांगायचो.

दहाव्याला मी कोल्हारला गेलो. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, पुतण्याने सगळं केलं. प्रवरेच्या काठावर क्षौराला रखमाजींचा मुलगा होता. रखमाजी, आता पाठीत वाकलेले, शेजारी दगडावर बसून होते. त्या लग्नातला नवरदेवही आला होता. नातवंडांचा आजोबा, पांढरी टोपी, गुळगुळीत गाल. जमलेल्यांना तो मास्तरांच्या आठवणी सांगत होता.

"माजं तोंड भाजलं हुतं मास्तरांनी लग्नात," तो हसत म्हणाला. "लई जळालं. पर मानूस सोनं हुतं."

लोकही हसले. मी तेव्हा बोललो. तो साबण मास्तरांनी दिला नव्हता, मी दिला होता, त्यांनी सांगूनही मी तपासला नव्हता, आणि खोटं बोललो होतो. सगळं सांगितलं.

नवरदेवाने ऐकून घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या गुरुजी. गेल्या मानसाचं आपल्या अंगावर घ्यावं, असं तुमच्यासारख्यालाच सुचतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, मास्तरांनी माणसं चांगली जोडली.

मी रखमाजींकडे बघितलं. एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा हो म्हणावं. ते नदीकडे बघत होते. लोक पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो.

"तुम्हाला तर माहीत आहे," मी म्हणालो.

"मला ठावंच हुतं की," रखमाजी म्हणाले. "मास्तर त्या दिशी अंगरखा घालून बसलं हुतं, तवा सांगायचं. आता कुनाच्या कामाचं न्हाई ते."

मुलाने त्यांना हाताला धरून उठवलं. ते गेले.

कोल्हारात आजही ती चूक मास्तरांच्या नावावर आहे.